नर्सिंगची लघुरूपं शिकताना या चुका टाळा

पहिल्या वर्षाच्या मुली वॉर्डात येतात तेव्हा प्रत्येकीच्या खिशात एक छोटी वही असते. शंभर-दीडशे लघुरूपं, एबीसीडीच्या क्रमाने, तोंडपाठ. माझीही होती. डोळ्यांच्या वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात केस पेपरवर ‘ओडी’ दिसलं. वहीप्रमाणे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, म्हणून मी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायला निघाले. इन्चार्ज सिस्टरांनी हात धरला. त्या वॉर्डात ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. कॅज्युअल्टीत त्याच दोन अक्षरांचा अर्थ ओव्हरडोस होतो. माझं पाठांतर चुकलं नव्हतं, मी वॉर्ड पाहिला नव्हता.

म्हणून पहिली दुरुस्ती वहीतच करा. एबीसीडीचा क्रम मोडा आणि वॉर्डनिहाय पानं पाडा. पीआयडी ऑर्थोपेडिकच्या पानावर मणक्याची सरकलेली गादी असते, स्त्रीरोगाच्या पानावर गर्भाशय आणि नळ्यांचा संसर्ग. डीएनएस सलाईनच्या बाटलीवर असेल तर डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाईन, कान-नाक-घशाच्या ओपीडीत असेल तर नाकाचा वाकडा पडदा. एएनसी म्हणजे गरोदरपणातली तपासणी हे सगळ्यांना माहीत असतं, पण केमोथेरपीच्या पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टवर तेच एएनसी रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या सांगतं. आणि पीआर! चार्टवर ती नाडी असते, औषधाच्या नावापुढे आली तर औषध गुदद्वारातून द्यायचं असतं.

एसओएस म्हणजे धावत सुटणं नव्हे

ही चूक इतकी पसरलेली आहे की पेशंटच्या नातेवाइकांपासून नव्या सिस्टरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकते. जहाज बुडताना पाठवतात तो एसओएस डोक्यात बसलेला असतो, म्हणून औषधापुढे एसओएस दिसलं की ‘अर्जंट’ वाटतं. औषधाच्या कागदावरचं एसओएस लॅटिन ‘सी ओपुस सिट’वरून आलंय. अर्थ एवढाच की गरज पडली तर. ताबडतोब द्यायचं असेल तर डॉक्टर ‘स्टॅट’ लिहितात. म्हणजे तुमच्या समजुतीच्या बरोबर उलटं. ‘पॅरासिटामॉल एसओएस’ वाचून ताप नसलेल्या पेशंटला गोळी दिली जाते ती याच गोंधळातून.

एसओएस वाचल्यावर तीन गोष्टी माहीत हव्यात: कशासाठी, किती वेळाने पुन्हा देता येते, आणि दिवसात जास्तीत जास्त किती. कागदावर त्या नसतील तर डॉक्टरांना विचारा. डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना ‘एसओएस आहे’ असं सांगून मोकळं होऊ नका. ‘ताप आला तरच द्यायची, आणि दुसरी गोळी सहा तासांच्या आत नाही’ असं कागदावर असेल ते पूर्ण मराठीत सांगा.

बीडी सकाळ-संध्याकाळ, टीडीएस तीन वेळा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. ही सगळी लॅटिनची पिलावळ दोन दिवसांत तोंडात बसते, तिच्यावर जास्त वेळ घालवू नका.

शून्य, यू आणि आपला १

खरा धोका इथे आहे. पाच मिलिग्रॅम लिहिताना ‘५.०’ लिहिलंत आणि टिंब पुसट उठलं तर ते पन्नास होतं. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना नुसतं ‘.५’ लिहिलंत तर तेच टिंब हरवून पाच होतं. नियम सोपा आहे: पूर्ण आकड्यामागे शून्य नको, टिंबाआधी शून्य हवाच. म्हणजे हृदयाचं औषध डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम असंच लिहायचं.

इन्शुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठीचा रोमन यू घाईत काढला की तो शून्यासारखा दिसतो. चार युनिटचे चाळीस व्हायला एवढं पुरतं. ‘आययू’ (इंटरनॅशनल युनिट) लिहिलं तर कोणी आयव्ही, म्हणजे शिरेतून, वाचतं, कोणी दहा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ‘वापरू नका’ अशी लघुरूपांची यादी काढली, तिच्यात यू, आययू आणि शेवटचा शून्य हे सगळे आहेत. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायला दोन सेकंद लागतात. मायक्रोग्रॅमचंही तसंच. त्याचं ग्रीक अक्षर म्यू घाईत एम होतं, मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो आणि डोस हजारपट वाढतो.

इन्शुलिनमध्येच आणखी एक मेख आहे. आपल्याकडच्या इन्शुलिनच्या बऱ्याच व्हायलवर, म्हणजे छोट्या बाटल्यांवर, यू-४० छापलेलं असतं. तो डोस नाही, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट आहेत एवढंच ते सांगतं. त्यासाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज. यू-१०० इन्शुलिन त्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलंत तर पेशंटला २५ युनिट जातात. व्हायल आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहिल्याशिवाय सुई लावू नका.

आता खास आपली अडचण, जी इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ एकमेकांसारखे दिसतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुली घाईत चार्टवर मराठी आकडे लिहितात, आणि पुढच्या ड्यूटीची सिस्टर ते इंग्रजी समजून वाचते. केस पेपरवर आकडे एकाच लिपीत, इंग्रजीतच लिहा. नातेवाइकांनी घरून आणलेल्या शुगरच्या वहीत मात्र दोन्ही सरमिसळ असते, तेव्हा त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

कानाने शिकलेले शब्द

देवनागरीत नोट्स काढायला माझी हरकत नाही, मीही काढल्यात. फक्त तिथे कुठे फसगत होते ते माहीत हवं. ‘इलियम’ हे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं नाव आणि कमरेच्या हाडाचंही. इंग्रजीत मधलं एक अक्षर वेगळं आहे, मराठीत दोन्ही हुबेहूब सारखे. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात अडथळा. अर्धांगाच्या पेशंटला दोन्ही असू शकतात, म्हणून अंदाजाने ओळखताही येत नाही. अशा जोड्यांपुरतं इंग्रजी स्पेलिंग लिहाच.

मोठे शब्द शेवटाकडून फोडा. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑटॉमी म्हणजे छेद देणं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड तयार करणं. मग कोलेसिस्टेक्टॉमी आपोआप उलगडतं: पित्त, पिशवी, काढली. पण या युक्तीवर आंधळा विश्वास नको. ‘ओमा’ म्हणजे गाठ असं शिकवलं जातं. हिमॅटोमा हे साकळलेलं रक्त आहे आणि ग्लॉकोमा तर डोळ्याच्या नसेचा आजार. हिमॅटोमा ऐकून पेशंटच्या मुलीला ‘गाठ आहे’ म्हणाल तर ती रात्रभर झोपायची नाही.

एनबीएम आणि साबुदाण्याची खिचडी

एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीही नाही. एका विद्यार्थिनीने आजींना सांगितलं, ‘उद्या ऑपरेशन आहे, उपाशी राहा.’ आजींनी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. उपास म्हटल्यावर दुसरं काय खाणार? ऑपरेशन पुढे ढकललं. चूक आजींची नव्हती. ‘रात्री अमुक वाजल्यापासून जेवण नाही, चहा नाही, फराळ नाही, पाणी कधीपर्यंत चालेल ते मी विचारून सांगते’ इतकं सविस्तर बोला, आणि त्यांच्याकडून परत म्हणून घ्या. बिछान्यावर पाटी लावा, म्हणजे मावशीही चहाचा कप ठेवणार नाहीत.

जाता जाता: काही जुने डॉक्टर मुदत अपूर्णांकात लिहितात. ५/७ म्हणजे पाच ते सात दिवस नव्हे, सातपैकी पाच, म्हणजे पाच दिवस. २/५२ दोन आठवडे, ३/१२ तीन महिने. आणि परदेशी जाण्याची तयारी करत असाल तर दिवसातून एकदासाठी ओडी लिहिण्याची सवय आत्ताच सोडा, अमेरिकेत ते उजवा डोळा म्हणून वाचलं जाऊ शकतं.

अक्षर लागत नसेल तर

डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं. राउंडनंतरचे कागद पाहून मात्र तसं वाटत नाही. शेजारच्या मैत्रिणीला विचारू नका, तीही तुमच्याइतकाच अंदाज करणार. ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा. ओरडा बसेल कदाचित, बसू दे.

फोनवर ऑर्डर आली तर लिहा, वाचून दाखवा, ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. हायपर (जास्त) आणि हायपो (कमी) फोनवर सारखेच ऐकू येतात, त्याऐवजी ‘शुगर कमी झाली आहे’ म्हणा. आकडे सुटे सांगा. माझ्यासोबत केरळची एक सिस्टर होती. मराठी छान बोलायची, पण एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी आलं की थांबायची आणि विचारायची, ‘सिक्स नाइन ना?’ आम्ही हसायचो. आता ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना मीही ‘सिक्स नाइन’च म्हणते.