बंद पडलेली आरपीजी सिरीज परत येईल का, हे ओळखायचं कसं

सगळ्यात आधी तो व्हिडिओ बंद करा ज्याच्या थंबनेलवर लाल बाण आहे अन् मोठ्या अक्षरात 'कन्फर्म' लिहिलंय. आमच्या गेमिंग ग्रुपवर एक भाऊ गोल्डन सन ह्या जुन्या आरपीजीची (म्हणजे पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) वाट पाहत बसलाय, तो महिन्यातून दोनदा असा व्हिडिओ टाकतो, मग रात्री दीडपर्यंत चर्चा, अन् सकाळी समजतं का कोण्यातरी संगीतकारानं जुना फोटो टाकला होता, बस एवढंच. ह्या नादात माझी बरीच वर्षं गेली म्हणून सांगतो, अंदाज बऱ्यापैकी लावता येतो, फक्त पाहायचं कुठं ते माहीत पाहिजे.

तर पहिले पाहा, गेम नावावर कोणाच्या आहे. बनवणारा वेगळा अन् मालक वेगळा, असं लय वेळा असतं. बेसा साइडला प्लॉट घेताना आपण सातबारावर नाव कोणाचं ते पाहिल्याशिवाय टोकन देत नाही ना, मग इथं काहून भावनेत वाहून जाता? फॉलआउटचा दुसरा भाग 1998 चा. मालक इंटरप्लेकडं पुढं पैशाचे वांधे झाले, तिसरा भाग अर्ध्यात रद्द केला, अन् सगळ्यांनी सिरीजवर हार चढवला. पण बेथेस्डा नावाच्या दुसऱ्या कंपनीनं आधी लायसन्स घेतलं, 2007 मध्ये साडेसत्तावन्न लाख डॉलरला पूर्ण नावच विकत घेतलं, अन् 2008 मध्ये फॉलआउट 3 बाजारात. म्हणजे मालक अडचणीत असला तर उलट चान्स वाढतो बरं का. ज्याचं पोट भरलेलं आहे अन् ज्याला ते नाव कपाटात ठेवूनही काही फरक पडत नाही, तो मालक जास्त डेंजर.

अन् 'जुनी टीम नाही तर काही होत नाही' हे पण खरं नाही. बाल्डर्स गेटचे पहिले दोन भाग बायोवेअर कंपनीचे, दुसरा 2000 सालचा. तिसरा 2023 मध्ये आला तो बेल्जियमच्या लॅरियननं बनवलेला, नाव मालक विझार्ड्स ऑफ द कोस्टकडून लायसन्सवर घेऊन. लॅरियननं आधी स्वतःच्या डिव्हिनिटी गेम्समध्ये हात साफ करून दाखवला होता. म्हणून मी जुन्या लोकांपेक्षा हे पाहतो का त्या टाइपचा गेम आज चांगला कोण बनवून राह्यला अन् त्याची मालकाशी ओळखपाळख आहे का.

दुसरी खूण, माझ्या मते सगळ्यात भरवशाची: मालक जुने भाग पुन्हा विकायला काढतो का. इथं सुइकोडेन ह्या जपानी आरपीजीचं सांगतो, कारण तो माझा जीव आहे. 108 लोकं गोळा करायची, किल्ला वसवायचा, अन् पहिल्या भागाचा सेव्ह दुसऱ्यात लोड केला तर जुना हिरो पण आपल्या पार्टीत घेता येतो. ह्याच्यासाठी मी नागपूरच्या बर्डीतून घेतलेलं प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड जपून ठेवलं होतं, त्यात मोजून 15 ब्लॉक. मे महिन्यात एका दुपारी कूलरच्या टाकीत पाणी टाकायला गच्चीवर गेलो अन् तेवढ्यात मावसभावानं स्वतःच्या फायटिंग गेमला जागा पाहिजे म्हणून एक ब्लॉक उडवला. कोणता, ते तुम्ही समजून घ्या. आजही लग्नात भेटला का मी त्याला आठवण करून देतो.

तर त्या सुइकोडेनचा पाचवा भाग 2006 चा, मग हातातल्या कन्सोलवर एकदोन साइडचे गेम अन् नंतर सामसूम. मूळ निर्माता मुरायामा मालक कंपनी कोनामी सोडून कधीचा गेला होता. 2020 मध्ये त्यानं जुन्या सोबत्यांना घेऊन एयुडेन क्रॉनिकल नावानं किकस्टार्टर (लोकांकडून आधीच पैसे जमवायची वेबसाइट) लावलं अन् 45 लाख डॉलरच्या आसपास जमा झाले. नाव नवीन, पण गेम कोणाचा भाऊ ते सगळ्यांना दिसत होतं. दोन वर्षांनी कोनामीनं पहिल्या दोन भागांचं रीमास्टर (तोच जुना गेम, चकाचक करून) जाहीर केलं, 2023 ची तारीख दिली, ती हुकली, अन् शेवटी मार्च 2025 मध्ये आलं. त्याच महिन्यात मोबाइलसाठी नवीन सुइकोडेन पण जाहीर. मुरायामा हे पाहायला नव्हता, एयुडेन यायच्या दोनअडीच महिने आधी, फेब्रुवारी 2024 मध्ये तो गेला. हे लिहिताना पण कसंतरी होतं.

म्हणून शिका, क्रम असा चालतो: जुनं स्वस्तात चकाचक करून विकायचं, किती लोकं पैसे टाकतात ते पाहायचं, मग नव्याचा विचार. तुम्हाला खरंच सिरीज पाहिजे तर पिटिशनवर सही करून काही होत नाही, रीमास्टर आला त्या हप्त्यात घ्या, सेलची वाट पाहत बसू नका. मी स्वतः सेलची वाट पाहिलेली आहे, त्यामुळं जास्त बोलत नाही.

आता फसायच्या जागा. ट्रेडमार्क ही एक नंबरची. क्रोनो सिरीजवाल्या स्क्वेअर कंपनीनं 2001 मध्ये 'क्रोनो ब्रेक' नाव नोंदवायला टाकलं, लोकं नाचले, पुढं अर्ज सोडून दिला, गेम काही आला नाही. नाव राखून ठेवणं म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकणं, माणूस गाडीत चढेलच असं नाही. ट्रेलरचंही तसंच, स्टार वॉर्सच्या ओल्ड रिपब्लिक गेमच्या रीमेकचा ट्रेलर 2021 च्या सप्टेंबरमध्ये दाखवला अन् मग वर्षामागून वर्षं नुसती वाट. व्हॅम्पायरवाला ब्लडलाइन्स 2 तर 2019 मध्ये जाहीर, मधातच स्टुडिओ बदलला, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये हाती आला. तारीख नसलेला ट्रेलर मी मोजतच नाही.

लीकमध्ये पण फरक करा. 'माझ्या काकाच्या ओळखीचा तिथं आहे' हे सोडून द्या. पण दुकानाच्या किंवा सर्व्हरच्या यादीत नाव सापडलं तर कान टवकारा. 2021 मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाची गेम्सची एक यादी बाहेर आली, कंपनी म्हणाली त्यातलं बरंच अंदाजपंचे आहे. त्यात क्रोनो क्रॉसचं रीमास्टर होतं, ते 2022 मध्ये आलं, अन् फायनल फँटसी टॅक्टिक्स होता, तो 2025 मध्ये.

आता आपल्या ग्रुपवाल्या भाऊचा प्रश्न, गोल्डन सन परत येईल का. शेवटचा भाग 2010. हक्क निनटेंडोकडं, म्हणजे पोट भरलेला मालक, मायनस. बनवणारी कॅमेलॉट अजून आहे, पण मारिओच्या गोल्फ-टेनिसमध्ये गुंतलेली. पहिले दोन भाग जानेवारी 2024 मध्ये स्विचच्या ऑनलाइन मेंबरशिपमध्ये टाकले, हे प्लस, पण वेगळे विकले नाहीत, त्यामुळं किती लोकं खास त्याच्यासाठी पैसे टाकतील हे निनटेंडोला समजायचं कसं? रीमास्टरला मी दहापैकी चार देतो, नव्या भागाला एक. भाऊ म्हणतो येणारच. दोन प्लेट तर्री पोह्यांची शर्त लागलीय, मुदत 2030, तर्री एक्स्ट्रा.