पुस्तकाचे पैसे कामापर्यंत पोचवायचे असतील तर

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय आहे. कापसाचे चुकारे हातात आले की आम्ही वर्गणी काढतो आणि त्या पैशांतून पुस्तकं घेतो. गावाने एक गोष्ट ठरवून घेतली आहे. वर्गणीतली निम्मी रक्कम अशाच पुस्तकांवर खर्च करायची, ज्यांच्या विक्रीतून एखाद्या सेवाकार्याला पैसा जातो. चौदा वर्षं ही खरेदी माझ्याकडे आहे.

आजूबाजूच्या गावांतली मंडळी विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या कानावर आधीच एक सल्ला पडलेला असतो : ‘चांगल्या माणसाचं पुस्तक घ्या, पैसा आपोआप चांगल्या कामाला लागतो.’ हा सल्ला देणाऱ्याने एकदाही चौकशी केलेली नसते. मुखपृष्ठावर कोणाचा फोटो आहे यावरून पैसा कुठे जातो ते कळत नाही. पुस्तक कोणी छापलं, हक्क कोणाकडे आहेत आणि तुम्ही ते कोणाच्या हातून घेतलं, यावर सगळं ठरतं. तिसरी गोष्ट तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

यादी

हे सोपं आहे. आधी वाचकांना काय हवं ते विचारा, मग संस्था शोधा. जे पुस्तक कपाटात न उघडता पडून राहणार आहे ते ‘मदत होईल’ म्हणून घेऊ नका. त्यापेक्षा तेवढ्या पैशांची सरळ देणगी द्या.

विदर्भात आपल्याला लांब जायची गरज नाही. वरोऱ्याला बाबा आमटेंनी उभं केलेलं आनंदवन आहे. भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि राणी बंग यांचं शोधग्राम आहे. वर्ध्याला गेलं की सेवाग्राम आश्रम आणि धाम नदीकाठचं विनोबांचं पवनार एकाच दिवसात होतं. मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आहे. शेगावच्या संस्थानाची पोथी तर घरोघरी असते. यांतल्या प्रत्येक ठिकाणी पुस्तकाचा आणि पैशाचा संबंध वेगळा आहे. तो विचारून घ्यावा लागतो.

पैसा नेमका कुठे जातो ते शोधणं

खरं काम इथे आहे, आणि मी इथेच फसलो होतो.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाची गोष्ट. एका जत्रेत पुस्तकांचं दुकान लागलं होतं. टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं, मागे लाल कापडी फलक, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं की विक्रीची सगळी रक्कम कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी. खाली एका संस्थेचं नावही होतं. मी ३,२०० रुपयांची पुस्तकं घेतली. बिल मागितलं तर वहीतला कागद फाडून त्यावर आकडा लिहून दिला. मला वाटलं, चांगलं काम करणाऱ्या लोकांकडे पावती पुस्तक नसेल. महिनाभराने काही वेगळ्याच कारणाने त्या संस्थेत फोन केला आणि सहज त्या दुकानाचा विषय काढला. पलीकडून उत्तर आलं, आम्ही कोणत्याही जत्रेत दुकान लावत नाही.

हे गावात सांगावं लागलं. वर्गणी देणाऱ्यांत कापूस वेचायला जाणारी एक मावशी होती. आठवड्याच्या मजुरीतून तिने पन्नास रुपये दिले होते. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “मंग भाऊ, थे पैसे गेले कुठी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर एकही पुस्तक मी पैशाचा रस्ता विचारल्याशिवाय घेतलं नाही.

तो रस्ता असा असतो. समजा पुस्तकाची छापील किंमत २०० रुपये आहे. दुकानदार आणि वितरक यांचं कमिशन मिळून त्यातले साठ-सत्तर रुपये जातात, कधी शंभरही. छपाई, कागद, अक्षरजुळणी प्रकाशकाच्या वाट्याला. लेखकाला मानधन म्हणजे रॉयल्टी मिळते, ती साधारण दहा टक्के धरा. म्हणजे वीस रुपये. ‘या पुस्तकाचं मानधन अमुक संस्थेला’ असं आत छापलेलं असेल, तर तुमच्या दोनशे रुपयांतले तेवढे वीस रुपये संस्थेला पोचतात. हे वाईट नाही. पण आपण दोनशे दिले असं मनाशी धरू नका, आणि गावाला तर मुळीच सांगू नका.

तेच पुस्तक संस्थेच्या स्वतःच्या विक्रीकेंद्रावर घेतलं, तर दुकानदाराचं कमिशनही संस्थेकडेच राहतं. वीसचे ऐंशी-नव्वद होतात. आणि पुस्तक संस्थेने स्वतः छापलेलं असेल, तर छपाईखर्च वजा जाता उरलेलं सगळं तिचंच. पुस्तक एकच, किंमत एकच, पण कुठल्या टेबलावरून उचललं त्यावर चौपट फरक पडतो. म्हणून मी सांगत असतो, कोणतं पुस्तक घ्यावं यावर जेवढा विचार करता त्याहून जास्त कुठून घ्यावं यावर करा.

मोबाइलवर मोठी सवलत दिसली म्हणून तिथून मागवणाऱ्यांना हे पटत नाही. ती सवलत कोणाच्या तरी वाट्यातून येते. काही करारांत मानधन छापील किमतीवर मोजतात, काहींत प्रकाशकाच्या हाती प्रत्यक्ष पडलेल्या रकमेवर. दुसऱ्या प्रकारात जितकी सवलत खोल, तितकं संस्थेचं मानधन बारीक. नागपुरात रस्त्यावर मिळणाऱ्या चोरून छापलेल्या प्रतींतून तर लेखकाला, प्रकाशकाला, संस्थेला कोणालाच दमडी जात नाही. कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात, मुखपृष्ठाचा रंग उतरलेला असतो. अशी प्रत हातात आली की खाली ठेवा. जुनी वापरलेली पुस्तकं घेण्यात काही गैर नाही, पण त्या खरेदीतूनही संस्थेला काही मिळत नाही. अपवाद एकच : लोकांनी दान केलेली जुनी पुस्तकं संस्था स्वतः विकत असेल तर. तिथे जवळजवळ सगळा पैसा तिच्याकडे राहतो.

आता पुस्तक हातात घ्या आणि आतल्या शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. बारीक अक्षरांचं हे पान कोणी वाचत नाही. त्यावर प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो, आवृत्ती आणि साल असतं, आणि ‘© हक्क’ असं लिहिलेलं असतं. ‘हक्क’पुढे संस्थेचं किंवा न्यासाचं नाव असेल तर चांगली खूण. एखाद्या व्यक्तीचं नाव असेल तर मानधन त्या व्यक्तीला जातं. ती व्यक्ती ते संस्थेला देत असेलही, पण तसं छापलेलं नसेल तर विचारायचं. ‘स्वागतमूल्य’ किंवा ‘देणगीमूल्य’ हे शब्द पाहून हुरळून जाऊ नका. किंमत लिहायची ती एक पद्धत आहे, पैसा कुठे जातो याबद्दल ती काही सांगत नाही.

याच पानावर आणखी एक फसगत होते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतो. गांधीजींनी आपल्या लिखाणाचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टला दिले होते. गांधीजी १९४८ साली गेले, त्यामुळे २००८ संपलं तसा तो हक्कही संपला. आता त्यांचं मूळ लिखाण कोणीही छापू शकतो आणि कितीतरी जण छापतात. (भाषांतराचा हक्क वेगळा असतो, तो भाषांतरकाराच्या मृत्यूपासून मोजतात.) कायद्याने त्यात काही चुकीचं नाही. पण ‘गांधीजींचं पुस्तक म्हणजे पैसा ट्रस्टला’ हे फक्त नवजीवनच्याच आवृत्तीला लागू आहे. साने गुरुजी १९५० साली गेले आणि डॉ. आंबेडकर १९५६ साली, त्यांच्या हयातीत छापलेल्या मूळ लिखाणाचंही आता तसंच आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या रांगाच रांगा लागतात, एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रकाशकांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात. तिथे मी प्रत्येक प्रतीचं हे पान उघडतो, मागे माणसं ढकलत असली तरी. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. विनोबा १९८२ साली गेले, तिथे तर अजून बरीच वर्षं आहेत. लेखक कोणत्या साली गेला हे यादीत पुस्तकापुढे लिहून ठेवा, फार उपयोगी पडतं.

पान वाचून झालं की फोन. हा फोन टाळू नका. पहिल्यांदा मलाही संकोच वाटायचा, सेवा करणाऱ्या माणसांना पैशाचं कसं विचारायचं म्हणून. प्रामाणिक संस्था या प्रश्नाने कधीच दुखावत नाही, उलट तिथला माणूस खूश होऊन सविस्तर सांगतो. मी असं बोलतो : “दादा, आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं घ्यायची आहेत. या पुस्तकाच्या विक्रीतून संस्थेला काय मिळतं, मानधन, कमिशन की पूर्ण किंमत? कुठून घेतलं तर तुम्हाला जास्त उरतं? आणि पावती कोणाच्या नावाने मिळेल?” एवढे तीन प्रश्न पुरतात. एकदा एका संस्थेतल्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, “भाऊ, त्या पुस्तकाचं आम्हाला काहीच येत नाही, लेखकाने आमच्यावर लिहिलं आहे इतकंच.” आम्ही ते पुस्तक तरीही घेतलं, कारण ते वाचण्यासारखं होतं. फक्त ते दुसऱ्या निम्म्या रकमेतून घेतलं.

उत्तरात ‘सगळं सेवेलाच जातं’ एवढंच येत असेल आणि आकडा किंवा टक्का येत नसेल, तर थांबा. नोंदणी क्रमांक विचारा. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि खऱ्या संस्थेच्या पावतीवर तो क्रमांक छापलेला असतो. तो सांगायला टाळाटाळ झाली की मी फोन ठेवतो.

पवनारसारख्या ठिकाणी हा हिशेब वेगळा लागतो. तिथे पुस्तकं इतक्या कमी किमतीत देतात की विक्रीतून उरणं हा हेतूच नसतो, विचार लोकांपर्यंत जावा म्हणून ती छापलेली असतात. तिथून पुस्तक जरूर घ्या, पण त्याला मदत म्हणू नका. मदत करायची असेल तर वेगळी पावती फाडून घ्या.

खरेदी

शक्य असेल तर स्वतः जा. पोस्टाने एकच पुस्तक मागवलं तर टपालखर्चच डोईजड होतो, म्हणून दोन-तीन गावांची यादी एकत्र करा. आम्ही एसटीने जातो आणि खताची रिकामी धुतलेली पोती सोबत नेतो.

जायच्या आधी फोन करून कोणती पुस्तकं शिल्लक आहेत ते विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

संस्थेकडे सवलत मागू नका. व्यापारी दुकानात वाचनालयाची सवलत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. संस्थेच्या टेबलावर दहा टक्के कमी करा म्हणणं म्हणजे ज्या पैशासाठी एवढ्या दूर आलो तोच परत मागणं. आमच्यातल्या एका पोराने एकदा असं मागितलं आणि काउंटरवरच्या माणसाने निमूटपणे दिलंही. बाहेर आल्यावर मी त्याला परत पाठवलं आणि फरक भरून यायला लावला.

पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यावरच द्या. क्यूआर कोड स्कॅन केला की आधी नाव दिसतं, ते वाचा. संस्थेच्या जागी कोणा माणसाचं नाव आलं तर विचारा.

पावती

पुस्तकाचं बिल आणि देणगीची पावती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बिलावर आयकराची ‘८०जी’ची सूट मिळत नाही, कारण पैशांच्या बदल्यात तुम्ही पुस्तक घेतलेलं असतं. सूट देणगीवर मिळते, तीही देणाऱ्याने आयकराची जुनी पद्धत निवडली असेल आणि संस्थेकडे ते प्रमाणपत्र असेल तर, आणि रोख दिलेली देणगी २,००० रुपयांहून जास्त नसेल तरच. गावातले नोकरदार याच कारणाने वर्गणी द्यायला तयार होतात आणि नंतर भांडतात, म्हणून वर्गणी घेतानाच सांगून टाका. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात तो लावलेला दिसला तर काढायला लावा.

बिलावर वाचनालयाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रती आणि छापील किंमत हे चारही हवं. ‘पुस्तके – एकूण’ असं लिहिलेलं बिल घेऊ नका. ते हिशेबाला चालत नाही, आणि कोणत्या पुस्तकाचे किती पोचले हे नंतर सांगताही येत नाही.

गावात परतल्यावर

दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे आम्ही एक जास्तीचा रकाना आखला आहे : ‘संस्थेला अंदाजे किती’. फोनवर मिळालेल्या उत्तरावरून तो भरतो. वीस, ऐंशी, शून्य, जे असेल ते. शून्यही लिहायचं. मग वर्गणीदारांची यादी, बिलांच्या झेरॉक्स आणि त्या रकान्याची बेरीज एकाच दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर लावायची.

ती मावशी दरवर्षी फळ्यापाशी येऊन उभी राहते. तिला वाचता येत नाही, म्हणून नातीला घेऊन येते आणि आकडा वाचून घेते. मागच्या वर्षी तो १,४६० होता. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाचण्यांनी लावा, डिंकाने चिकटवू नका. आमच्या खोलीच्या त्या भिंतीला ओल येते आणि पावसाळ्यात कागदावरची शाई पसरते.