रेले फेडिंगचं सिम्युलेशन: हिस्टोग्रामला भुलू नका

टॉवर दिसत नसताना मोबाइलचा सिग्नल इमारतींवर आदळून अनेक वाटांनी येतो आणि चालत्या गाडीत सतत चढउतरतो; हे रेले फेडिंग. ते कोडमध्ये कसं बनवायचं ते पाहू. नाशिकच्या कॉलेज रोडवर ताशी ६० किलोमीटरने गाडी कुणालाच हाकता येत नाही, तरी हाच वेग धरा. १८०० मेगाहर्ट्झला त्याचा कमाल डॉप्लर, म्हणजे गतीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा जास्तीत जास्त फरक, बरोबर १०० हर्ट्झ येतो (वेग गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले प्रकाशाचा वेग) आणि पुढचे हिशेब तोंडी जमतात. दोन्ही बाजूंना इमारती, टॉवर नजरेआड, म्हणून रेले. टॉवर समोर दिसत असेल तर रायशियन मॉडेल लागेल, तो विषय वेगळा.

सॅम्पलिंग १० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा हजार सॅम्पल; कालावधी १० सेकंद. कोडला पायथन चालेल, ऑक्टेव्हही चालेल.

आता खरी मेख. सल्ला सर्रास मिळतो तो असा: दर सॅम्पलला दोन गॉसियन (घंटेच्या आकाराच्या वितरणातले) रँडम आकडे घ्या, एक रिअल, एक इमॅजिनरी, त्या कॉम्प्लेक्स संख्येचं मॅग्निट्यूड काढा, झालं रेले. बीईच्या प्रोजेक्टला मीही तेच केलं. हिस्टोग्राम इतका देखणा आला की रिपोर्टच्या पहिल्याच पानावर छापला. व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी आलेखावर पेन टेकवून विचारलं, "यात गाडी उभी आहे की चालतेय?" माझी दातखीळ बसली. कोडमध्ये वेग कुठे वापरलाच नव्हता! शेजारच्या दोन सॅम्पलचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. तो नुसता गोंगाट होता, फेडिंग नव्हे.

वेग आत आणायचा तर क्लार्कचं १९६८चं मॉडेल घ्या. ३२ वाटांनी सिग्नल येतो असं धरा. प्रत्येक वाटेला गाडीच्या दिशेपासून मोजलेला येण्याचा एक कोन आणि एक रँडम फेज (लहर कुठून सुरू होते ते). कमाल डॉप्लरला कोनाच्या कोसाइनने गुणलं की त्या वाटेचा डॉप्लर मिळतो. सगळ्या कॉम्प्लेक्स लहरींची बेरीज करून ३२च्या वर्गमुळाने भागा. हा भागाकार विसरलात तर पॉवर ३२ पट फुगेल.

कोन वाटताना मी दुसऱ्यांदा आपटलो. शून्यापासून वर्तुळाचे ३२ समान भाग केले. पण ४५ अंश आणि उणे ४५ अंशांचा कोसाइन एकच, त्यामुळे वाटा जोडीजोडीने एकाच फ्रिक्वेन्सीवर येऊन बसल्या. वेगळे डॉप्लर उरले फक्त १७. फेज जुळली तर जोडी दुप्पट, विरुद्ध पडली तर गायब. उपाय एका ओळीचा: सगळे कोन शेजारच्या दोन कोनांमधल्या अंतराच्या पाव भागाने सरकवा. आणि जेक्सच्या पद्धतीने सममिती वापरून लहरी वाचवायच्या भानगडीत पडू नका. ३२ लहरींची आजच्या लॅपटॉपला काय मातब्बरी!

तपासणी ऑटोकोरिलेशनची (सिग्नल थोड्या वेळाने स्वतःशी किती जुळतो त्याची) करा, हिस्टोग्राम नंतर. वक्र शून्याव्या ऑर्डरच्या बेसेल फंक्शनसारखा (हे लहरत विरत जाणारं गणिती फंक्शन) उतरून साधारण ३.८ मिलिसेकंदाला, म्हणजे अडतिसाव्या सॅम्पलजवळ, पहिल्यांदा शून्य ओलांडायला हवा. उलट शून्याव्या सॅम्पलला एकच सुळका आणि पुढे सपाटी दिसली, तर तुम्ही माझ्या व्हायव्हात उभे आहात.

मग खोल फेड, म्हणजे सिग्नल एकदम कोसळतो ते क्षण, मोजा. सरासरी पॉवरच्या २० डेसिबल, म्हणजे शंभराव्या हिश्श्याच्या, खाली सिग्नल सेकंदाला सुमारे २५ वेळा जातो आणि दर खेपेला सरासरी ०.४ मिलिसेकंदच तिथे राहतो. डॉप्लरच्या दहापट सॅम्पलिंग पुरे म्हणणाऱ्यांचं अंतर १ मिलिसेकंद पडतं. बहुतेक फेड त्यांच्या दोन सॅम्पलच्या मधूनच निसटतात.