मेल्टला घाम फुटतोय? मग फ्रेग्रन्स ऑइल मोजून टाका

मागच्या दिवाळीआधी मी नेरुळच्या घरी पहिल्यांदा सोय वॅक्स मेल्ट केले (सोयाबीनच्या मेणाच्या बिनवातीच्या सुगंधी वड्या, बर्नरवर वितळवल्या की वास सुटतो), मोगऱ्याचे, आणि ऑइल टाकताना हात सैल सोडला, म्हटलं घरभर दरवळलं पाहिजे. दोन दिवसांनी बघते तर सगळ्या वड्यांना घाम फुटलेला, बोट लावलं की तेलकट, आणि बर्नरवर ठेवल्यावर वास जेमतेम. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं ही तर तूप सुटलेली बर्फी दिसतेय. तेव्हापासून काट्याशिवाय काही करत नाही.

तर पहिली गोष्ट, झाकणाने, चमच्याने, थेंबाने मोजायचं नाही. प्रत्येक ऑइलचं वजन वेगळं असतं, एकाचा चमचा आणि दुसऱ्याचा चमचा सारखा भरत नाही. ग्रॅममध्येच घ्या. किचनचा डिजिटल काटा अर्धा किलोच्या बॅचला चालतो, पण 100 ग्रॅमवर ट्रायल करायची असेल तर 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा पॉकेट काटा हवा.

किती टाकायचं? सोय वॅक्सला त्याच्या वजनाच्या साधारण 6 ते 10 टक्के, आणि वॅक्सच्या पिशवीवर जी वरची लिमिट दिलेली असते ती ओलांडायची नाही, वॅक्स त्याहून जास्त धरूनच ठेवत नाही, उरलेलं बाहेर येतं (तोच तो घाम). मी 8 वर सुरुवात करते. 500 ग्रॅम वॅक्सला 40 ग्रॅम ऑइल, सोपंय. उलटा हिशोब लागतो तेव्हा गडबड होते, म्हणजे साच्यात एकूण 300 ग्रॅम मावत असेल तर 300 ला 1.08 ने भागा (1 भाग वॅक्स, 0.08 भाग ऑइल), 278 ग्रॅम वॅक्स आणि 22 ग्रॅम ऑइल. नवीन वास असला की मी 100-100 ग्रॅमचे तीन छोटे लॉट करते, 6, 8 आणि 10 चे, मार्करने लिहून ठेवते, कारण आठवड्याने कुठला कुठला ते अजिबात आठवत नाही.

ऑइल कँडलसाठीचंच घ्या. बॉडी परफ्यूममध्ये बहुतेक अल्कोहोल असतं, गरम वॅक्समध्ये ते टाकणं म्हणजे आगीशी खेळ. खीर-बर्फीचा पाण्यातला इसेन्स वॅक्समध्ये मिसळतच नाही, तळाशी थेंब होऊन बसतो, आणि पाण्यात विरघळणारं डिफ्युझर ऑइल पण तसंच. लिंबू-संत्र्याचं इसेन्शियल ऑइल चालतं पण वास पटकन उडतो आणि खिसा पण हलका होतो. दुकानदाराकडे त्या ऑइलचा इफ्राचा (IFRA, सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था) कागद मागा, कशात किती टक्के चालतं ते त्यावर असतं, त्यात कॅटेगरी 12 बघायची, मेल्ट आणि कँडल त्यात येतात.

आता करायचं कसं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात वॅक्सचं भांडं, डायरेक्ट गॅसवर नको आणि सोडून जायचं पण नाही, फोन आला तर आधी गॅस बंद. पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका. रंग टाकणार असाल तर आधी तो विरघळवून घ्या. थर्मामीटरवर 80 ते 85 डिग्री दिसलं की गॅस बंद, भांडं बाहेर काढून बूड पुसा, मग ऑइल ओता. फार थंड वॅक्समध्ये टाकलं तर नीट मिसळत नाही, आणि उकळत ठेवलं तर वास स्वयंपाकघरातच संपतो. फ्लॅश पॉइंटच्या वर गेलं की सगळा वास उडून जातो असं बरेच जण सांगतात, ते तसं नाहीये. ज्या तापमानाला ऑइलची वाफ ज्योत मिळाली की पेट घेऊ शकते तो फ्लॅश पॉइंट, म्हणून तर जवळ गॅस चालू ठेवायचा नाही.

ओतल्यावर पूर्ण दोन मिनिटं ढवळायचं, घड्याळ लावून, हळूहळू, तळ खरवडत. रवी फिरवल्यासारखं नको, बुडबुडे येतात. माझे पहिले घामवाले मेल्ट जास्त ऑइलमुळे तर होतेच, पण मी ढवळलं पण होतं जेमतेम दहा सेकंद.

60 च्या आसपास आलं की साच्यात ओता. सिलिकॉन बेस्ट. थर्माकोल किंवा साधे पातळ प्लास्टिकचे कप नको, काही ऑइल ते खातात. वर पांढरी बुरशीसारखी नक्षी आली तर घाबरू नका, सोयला तशी फ्रॉस्टिंग येतेच. व्हॅनिलावाले पिवळट-तपकिरी होतात, तेही नॉर्मल.

मग डब्यात घट्ट बंद करून किमान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे विसरून जा. वॅक्स हळूहळू पक्कं होतं आणि ऑइल त्यात मुरतं, लोणच्यासारखंच. मेमध्ये आमच्याकडे खिडकीजवळचा डबा अगदी मऊ पडला होता, तेव्हा कपाटात खाली ठेवा. आणि टेस्ट करताना पंखा फुल स्पीडवर ठेवून वासच येत नाही म्हणू नका, मी केलंय ते पण.

वास संपलेलं वॅक्स सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. कोमट असतानाच कापसाने टिपून घ्या आणि सुक्या कचऱ्यात.