अठरा पूर्ण होण्याआधी: बालगृहातील मुलांसाठी अनुरक्षणाची मदत कशी मिळवावी

बालगृहात वाढलेल्या मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते, आणि ज्याच्या मागे घर नाही त्याच्यापुढे राहण्याची जागा, कॉलेजची फी व रोजचा खर्च हे प्रश्न एकदमच उभे राहतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अशा तरुणांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. नियमांनुसार हे अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतर मिळणारी मदत, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. मात्र ते आपोआप सुरू होत नाही; त्यासाठी बाल कल्याण समितीचा, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीचा, आदेश लागतो, आणि तो मुलगा संस्थेत असतानाच मिळवणे सर्वांत सोपे असते.

मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरने) किंवा समाजसेवकाने त्याच्या पुनर्वसनाचा आराखडा समितीपुढे ठेवावा, असे नियम सांगतात. माझ्या मते एवढ्यावर विसंबून राहू नये. सतरावे वर्ष लागताच मुलाने स्वतः, अधीक्षकांमार्फत, समितीच्या नावे साधा अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. ‘मदत मिळावी’ एवढेच लिहिलेल्या अर्जातून काही निष्पन्न होत नाही. कोणता अभ्यासक्रम करायचा आहे, तो कोठे आहे, किती वर्षांचा आहे, राहण्यासाठी अनुरक्षणगृह (अशा तरुणांसाठीचे वसतिगृह) हवे की बाहेर खोली घेऊन राहायचे आहे आणि महिन्याचा खर्च किती येईल, हे त्यात स्पष्ट असावे. सहा ते आठ जणांनी गटाने राहण्याची तात्पुरती सोय, प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन आणि समुपदेशन यांचाही नियमांत समावेश आहे, हे फारसे कोणी मुलांना सांगत नाही.

मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद असून ही रक्कम थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होणे अपेक्षित आहे. म्हणून खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर असावे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बऱ्याचदा संस्थेतील एखाद्या कर्मचाऱ्याचा असतो. त्या कर्मचाऱ्याची बदली झाली की ओटीपीसाठी वणवण सुरू होते, तेव्हा तो क्रमांक आधीच बदलून घ्यावा. आधार, जन्मदाखला किंवा समितीचा वयनिश्चितीचा आदेश, शाळा सोडल्याचा दाखला आणि संस्थेत दाखल करतानाचा व मुक्त करतानाचा समितीचा आदेश, एवढी कागदपत्रे प्रतींसह ताब्यात घेतल्याशिवाय संस्था सोडू नये. यांतले दाखल करतानाचे आदेशपत्र सर्वांत मोलाचे, कारण संस्थेत वाढल्याचा पुरावा पुढे अनेक ठिकाणी मागितला जातो.

आई-वडील दोघेही हयात नसतील तर अनाथ प्रमाणपत्रासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करावा. या प्रमाणपत्राच्या आधारे महाराष्ट्रात शिक्षण आणि शासकीय नोकरीत 1 टक्का आरक्षण मिळते. संस्थेत वाढलेले आणि नातेवाइकांकडे वाढलेले असे दोन्ही प्रकारचे अनाथ यात येतात. एक पालक हयात असल्यास मात्र या वाटेला जाऊन वेळ घालवू नये. अशा कुटुंबातील धाकटे भावंड घरीच राहत असेल तर त्याच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करता येतो. तिच्यात अठरा वर्षांपर्यंत दरमहा 2250 रुपये मिळतात.

निरीक्षणगृहातून (कायद्याचा भंग केल्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवण्याच्या संस्थेतून) आलेल्या मुलांना पोलीस पडताळणीची धास्ती वाटते. प्रकरण बंद झाले असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्या नोंदी उघड करू नयेत, असे याच अधिनियमाचे कलम 74 स्पष्टपणे सांगते. हे कलम छापून जवळ ठेवावे.

अनुरक्षण नाकारले गेल्यास तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. लेखी आदेश मागावा, कारण समितीच्या अनुरक्षणविषयक निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत अपील करता येते. त्यासाठी वकिलाची गरज भासल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मुलींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अठरा वर्षांवरील मुलांना मात्र सहसा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा लागतो.