गावातील धूम्रपानाचा कल कसा तपासावा

सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावात हा कल पाहायचा असेल, तर १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींची घरनिहाय नोंद करून स्त्री-पुरुषांची टक्केवारी स्वतंत्र काढावी. कारण देशात २००९-१० ते २०१६-१७ या काळात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २४.३ वरून १९ टक्क्यांवर, तर स्त्रियांचे २.९ वरून २ टक्क्यांवर आले, आणि एकत्रित सरासरीत हे अंतर झाकले जाते. बिडी व सिगारेट वेगळी लिहावी. खरी मेख मिश्रीत, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीत आहे: ते धूम्रपान नव्हे, म्हणून तिचा रकाना निराळा ठेवावा, शिवाय मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजतेच असे नाही, त्यामुळे प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच, शक्यतो आशाताईंमार्फत विचारावा. पुढच्या फेरीत प्रश्नांचे शब्द बदलू नयेत.