नुकत्याच वाचलेल्या कादंबरीवर मत कसं लिहायचं

पुस्तक संपल्या संपल्या लगेच लिहायला बसू नका, एखादा दिवस जाऊ द्या, मग जे डोक्यात घोळत राहिलंय तिथूनच सुरू करा. कथानक दोन ओळीत उरका, ब्लर्ब, म्हणजे मागच्या कव्हरवरचा मजकूर, काय सगळेच वाचतात. आता कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्या, २०२३चा साहित्य अकादमी मिळालेली. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशी, एवढं सांगितलं की बास. खरं लिहायचं ते भाषेबद्दल, कारण बोलीमुळे सुरुवातीला अडखळायला होतं पण मोठ्याने वाचलं की लय सापडते, निदान मला तरी सापडली. कंटाळा आला असेल तर नेमका कुठे ते सांगा, नुसतं 'संथ वाटली' म्हणून मोकळं व्हायचं नाही. आणि शेवट फोडू नका प्लीज!